डबीवरचा आकडा

चेंडू हातातून सुटतो न सुटतो तोच बापाने मान खाली घातली आणि स्टुलावरच्या काळ्या डबीकडे पाहिलं. लाल आकडे क्षणभर लुकलुकले आणि स्थिरावले. सत्त्याऐंशी.

"दुपारी जेवलीस की नाही?" तो तिथूनच ओरडला.

"जेवले."

"मग जातंय कुठे ते? काल नव्वद होते. परवा एकोणनव्वद. उद्या निवड आणि आज आपली घसरगुंडी!"

भिंगरीने बेसबॉलच्या बॅटचं टोक जमिनीला टेकवलं आणि हेल्मेट जरा वर सारून कपाळ पुसलं. चेंडू तिच्या पाठीमागच्या जाळीत जाऊन पडला होता. आज असे बरेच पडले होते. पंधरा वर्षांची काटकुळी पोर. लहानपणी स्वतःभोवती गिरक्या घेत घरभर सुटायची म्हणून हे नाव पडलं आणि मग मैदानावरही तेच चिकटलं. आता मात्र बॅट हातात घेतली की तिच्या गिरकीत काही केल्या जोर येत नव्हता, आणि त्याचा मनस्ताप तिच्यापेक्षा तिच्या बापाला जास्त होत होता.

"दमलेय थोडी," ती म्हणाली.

"हे उद्या कोच मॅडमना सांग. म्हणावं, दमलेय थोडी, निवड जरा पुढे ढकला."

तिने हेल्मेट खाली ओढलं आणि पुन्हा पवित्रा घेतला. बापाने बादलीतून पुढचा चेंडू उचलला.

ही जागा त्याच्या दुकानामागची. दुकान वजनकाटे दुरुस्त करायचं. बाजारातल्या कोणाचाही काटा हलायला लागला, अडकायला लागला किंवा गिऱ्हाइकाला त्याचा संशय यायला लागला की तो इथे यायचा. लोक त्याला काटेवालाच म्हणत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी मोडीत निघालेले मोठे काटे पडलेले असत. ते त्याने मुलीसाठी हलवले, कोळ्यांकडून जुनी जाळी आणून तिन्ही बाजूंनी टांगली आणि मध्ये लोखंडी चौकटीची आणखी एक जाळी उभी केली. तिच्या आडून चेंडू टाकायचा, म्हणजे उलट आलेला तोंडावर बसत नाही. त्या चौकटीशेजारी स्टूल, आणि स्टुलावर ती डबी. डबीचं तोंड भिंगरीकडे आणि आकडे बापाकडे.

हे सगळं सुरू झालं ते कोच मॅडमच्या एका वाक्यावरून. मॅडम एका गुडघ्याने लंगडायच्या आणि फार बोलायच्या नाहीत. गेल्या हंगामाच्या शेवटी त्यांनी बापाला मैदानाच्या कडेला बोलावून घेतलं होतं.

"नजर हिचीच सगळ्यांत चांगली आहे," त्या म्हणाल्या. "चेंडू हिला सगळ्या मुलींच्या आधी दिसतो. पण बॅट तिथे पोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. बॅटचा वेग वाढवा. पुढच्या निवडीला मी ताशी नव्वदच्या खाली कोणाला घेणार नाही. माझी स्वतःची मुलगी असली तरी नाही."

सलग दोन हंगाम भिंगरी राखीव होती. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन कपडे न मळल्यामुळे आईचं धुणं वाचवायचं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे उद्याची निवड हुकली की बेसबॉल संपला. ती यावर कधी बोलली नाही, पण बाटल्या भरायचं काम तिने गेल्या सामन्याला दुसऱ्या मुलीवर ढकललं होतं आणि बाकाच्या टोकाला पाठ करून बसली होती. बापाने ते पाहिलं होतं. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं की हे आता आपण हातात घ्यायचं.

हातात घेतलं म्हणजे अगदी घट्ट घेतलं. वेग मोजायची डबी मागवली. तिच्यासोबत कसल्याशा परक्या भाषेत बारीक अक्षरांचा कागद आला होता, तो त्याने खोक्यासकट फेकून दिला. आयुष्यभर मापांची यंत्रं उघडून बसलेल्या माणसाला कागद काय शिकवणार? उलट त्यानेच डबीची परीक्षा घेतली. बायकोला रस्त्याच्या कडेला डबी धरून उभं केलं आणि स्वतः शेजाऱ्याची गाडी मागून घेऊन तिच्या अंगावर आणली. गाडीतला काटा चाळीसवर आणि डबीही चाळीसवर. परत साठने. डबीही साठ.

"पास!" तो गाडीतून उतरत म्हणाला.

"मी पण पास झाले का?" बायकोने विचारलं. "जिवंत राहिले म्हणून विचारतेय."

ती दवाखान्यात परिचारिका होती आणि तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी भिंगरीने चेंडूशिवाय नुसतीच बॅट फिरवली तेव्हा डबीने अठ्ठ्याहत्तर दाखवले. नव्वदला बारा कमी.

मॅडमनी पद्धत सांगितली होती. एक जड बॅट, एक हलकी आणि एक नेहमीची, आळीपाळीने, दिवसाआड. आधी कंबर वळली पाहिजे, मग हात. बापाने त्यातलं जड तेवढं लक्षात ठेवलं. काटे तपासायची पितळी वजनं दुकानात होतीच. ती त्याने चिकटपट्टीने बॅटच्या टोकाला बांधली आणि भिंगरीला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवायला लावली. पंधरवड्यात तिचा खांदा दुखायला लागला आणि आकडा वाढायच्या ऐवजी पंचाहत्तरवर आला.

मॅडमनी फोनवरच झापलं. "हळू फिरवायची सवय लावताय तुम्ही तिला. जडाने अंग जड होतं. हलकी फिरवू दे, म्हणजे हाताला कळेल की वेग कसा लागतो."

वजनं निघाली. खांद्याला आईने शेक दिला. हलकी बॅट आली, आकडा मुंगीच्या पावलाने सरकत एकोणऐंशीवर आला आणि तिथेच बसकण मारून बसला. दिवस गेले, तो हलेना. बापाच्या नाकी नऊ आले. रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणायचा, "कंबर वळत नाही." सकाळी दात घासताना म्हणायचा, "कंबर वळते, पण हात मागे राहतात." एकदा दुकानात एका गिऱ्हाइकासमोर त्याने स्वतःच कंबर वळवून दाखवली आणि गिऱ्हाईक आपला काटा उचलून घाईने निघून गेलं.

शेवटी एका संध्याकाळी त्याचा संयम सुटला. "हवेत बॅट फिरवून कोणाला जोर येतो?" तो म्हणाला. "समोरून चेंडू आल्याशिवाय माणूस पेटत नाही. थांब, मी टाकतो."

त्याने चौकटीमागून पहिलाच चेंडू टाकला, तिने बॅट फिरवली आणि डबीने त्र्याऐंशी दाखवले. बापाने डोळे चोळले. दुसऱ्याला चौऱ्याऐंशी. त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला आणि बायकोला म्हणाला, "गुरुकिल्ली सापडली."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. तो टाकायचा, ती फिरवायची, तो आकडा बघायचा. आकडा पडला की तो चिडायचा, आणि चिडला की आणखी जोरात टाकायचा, आणि जोरात टाकला की भिंगरीही जणू इरेला पेटायची, कारण लगेच आकडा चढायचा. या पोरीला डिवचल्याशिवाय ती चालत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणून मग तो मुद्दाम डिवचायला लागला. कधी हाताला वारं गेलंय का म्हणायचा, कधी आजी तुझ्यापेक्षा जोरात झाडू मारते म्हणायचा. चेंडू बॅटला लागतोय की हुकतोय याचा हिशोब त्याने सोडूनच दिला होता. वेग आला की बाकीचं आपोआप येतं, यावर त्याचा ठाम विश्वास होता. मागच्या आठवड्यात एका चेंडूला डबीने ब्याण्णव दाखवले तेव्हा तो चौकटीमागून उडी मारून बाहेर आला होता.

"हुकला तर हुकला!" तो ओरडला. "ब्याण्णव! शाब्बास माझी वाघीण! कुठे होतीस इतके दिवस?"

भिंगरी हसली होती. जरा उशिरा हसली, पण हसली. त्या रात्री घरात कोणी कोणावर आवाज चढवला नाही. बाप चक्क जेवणावर बोलला, हवेवर बोलला आणि बायकोला दवाखान्यात काय चाललंय तेही विचारलं.

"बरं वाटलं," बायको नंतर म्हणाली. "एरवी तुम्हा दोघांचं बोलणं म्हणजे पाढे झालेत. ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी."

फक्त मैदानावर काही फरक पडत नव्हता. मॅडम म्हणत, अजून उशीरच होतोय. बापाला त्यांचाच संशय यायला लागला होता. बाईंच्या मनात दुसरीच कोणीतरी असणार. उद्या सगळ्यांसमोर यंत्राने मोजलं की तोंडं आपोआप बंद होतील, असं तो स्वतःला समजावत होता, पण आज सत्त्याऐंशी, शहाऐंशी, पुन्हा सत्त्याऐंशी.

"अगं, झोपलीस का?" त्याने चेंडू टाकला. "फिरव!"

चेंडू बॅटच्या खालून गेला. अठ्ठ्याऐंशी.

"दोन! फक्त दोन कमी आहेत आणि तुझ्या जिवावर आलंय!"

"फिरवतेय ना बाबा."

"हे फिरवणं? तुझ्या वयात मी दिवसभर पोती उचलायचो. तुला एक लाकूड उचलवत नाही?"

त्याने दंड मागे नेऊन फेकला. एकोणनव्वद. बघ, डिवचल्याशिवाय नाही. आणखी एक. त्याचा स्वतःचाच खांदा आता ठणकत होता. भिंगरीच्या बॅटला चेंडूची कड लागली आणि तो वर पत्र्यावर आपटून खाली आला. तिने हात झटकले. बोटांना झिणझिण्या आल्या असणार.

"जा, पाणी पिऊन ये," तो म्हणाला. "तोंडावर पण मार जरा. आल्यावर शेवटचे दहा. नव्वद आल्याशिवाय आज घरी जायचं नाही."

ती बॅट जाळीला टेकवून दुकानाच्या दिशेने गेली. हेल्मेट तिने डोक्यावरच ठेवलं होतं.

बाप शेडमध्ये एकटा राहिला. हातात एक चेंडू होता. त्याला सगळ्याचाच राग आला होता: त्या बाईंचा, त्या नव्वदचा, स्वतःच्या दुखऱ्या खांद्याचा आणि या पोरीच्या मुकाट उभं राहण्याचा. एवढं करून शेवटच्या दिवशी हे! त्याने दात आवळले आणि तो चेंडू समोरच्या रिकाम्या जागेवर असेल नसेल तेवढा जोर लावून फेकला. जाळी मागे गेली आणि परत आली.

आणि सवयीने त्याने मान खाली घातली.

एक्क्याण्णव.

तो आकड्याकडे बघत राहिला. समोर कोणी नव्हतं. बॅट जाळीला टेकलेली होती. डबी बिघडली, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार, आणि त्याने त्याला खूप बरं वाटलं. मग त्याच्यातला काटेवाला जागा झाला. बिघडलेलं यंत्र कसं तपासायचं हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने एक चेंडू हळूच टाकला. एक्केचाळीस. जरा जोरात. अडुसष्ट. पुन्हा सगळा जोर लावून. नव्वद. पुन्हा हळू. चव्वेचाळीस. मग त्याने पुढे जाऊन बॅट उचलली, डबीसमोर उभा राहून एकदा नुसतीच फिरवली आणि परत येऊन आकडा पाहिला. डबी त्याचाही वेग व्यवस्थित सांगत होती. यंत्रात काडीचाही दोष नव्हता. तिच्यासमोर जे काही सगळ्यांत वेगाने हललं, त्याचा आकडा ती इमाने इतबारे देत होती. नुसती बॅट हलली तर बॅटचा. चेंडू बॅटपेक्षा वेगाने गेला तर चेंडूचा.

तो बादली उलटी करून तिच्यावर बसला. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद, ब्याण्णव. ते सगळे त्याचे स्वतःचे होते. मुलीच्या बॅटचा वेग म्हणून तो इतके दिवस आपलाच राग मोजत बसला होता.

भिंगरी ओल्या तोंडाने आत आली. बाप बादलीवर बसलेला आणि सगळे चेंडू जमिनीवर सांडलेले बघून ती दारातच थांबली.

"एकदा नुसती फिरव," तो म्हणाला. "चेंडू नको."

तिने बॅट उचलली. जागेवर उभी राहिली आणि फिरवली.

ब्याऐंशी.

"आणखी एकदा."

ब्याऐंशीच. म्हणजे इतक्या महिन्यांची कमाई चार. बापाच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"ही डबी चेंडूचा वेग सांगतेय," तो म्हणाला. "तुझ्या बॅटचा नाही. मी टाकतो त्याचा!"

"हं."

त्या 'हं'मध्ये आश्चर्य नव्हतं. बाप उठून उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

ती बॅटच्या मुठीवरची सुटलेली पट्टी अंगठ्याने दाबत राहिली.

"मी विचारतोय. तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही टाकायला लागलात त्याच आठवड्यात. मी बॅट उशिरा फिरवली तरी आकडा वाढायचा. मला वाटलं होतं तुमच्या पण लक्षात येईल."

"आणि तू गप्प बसलीस? मूग गिळून? उद्या निवड आहे! उद्या तिथे ब्याऐंशी येणार आणि मी इथे नाचतोय! बापाला मूर्ख बनवून काय मिळालं तुला?"

"मूर्ख नाही बनवलं."

"मग काय केलंस?"

त्याला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही.

"आकडा आला की तुम्ही ओरडत नाही," ती म्हणाली.

बापाने वळून डबीकडे पाहिलं.

"ब्याण्णव आले होते ना, त्या दिवशी," भिंगरी बॅटकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी मी फिरवलीच नव्हती. हात खूप दुखत होते. बॅट खांद्यावरच होती. मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. तर तुम्ही शाब्बास म्हणालात."

रस्त्यावरून कोणाची तरी हातगाडी खडखडत गेली. बापाने तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. चेंडू सोडला ते आठवलं. लाल आकडे आठवले. आपली उडी आठवली. त्या सगळ्यात ती समोर कशी उभी होती ते त्याला आठवेना, कारण ते त्याने पाहिलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मुलीकडे बघायला त्याला अवघड गेलं.

तो खाली वाकला आणि चेंडू गोळा करून बादलीत टाकायला लागला. तीही वाकली. दोघं मिळून गोळा करत होती. शेवटचा चेंडू त्याने हातातच ठेवला. मग स्टुलाजवळ जाऊन डबीचं बटण दाबलं. आकडे विझले.

"चल," तो म्हणाला. "दहा चेंडू. हळू टाकतो. वेगबिग काही नाही. लागला तर लागला."

"खरंच?"

"खरंच. उद्यासाठी जरा हात मोकळा होईल."

ती जागेवर गेली, हेल्मेट नीट बसवलं आणि पवित्रा घेतला. बाप चौकटीमागे उभा राहिला. खाली बघायला आता काही नव्हतं, म्हणून तो तिच्याकडे बघत होता. गुडघे थोडे वाकलेले, बॅट कानाजवळ, डोळे त्याच्या हातावर. छान उभी राहते, त्याच्या मनात आलं. त्याने चेंडू धरलेला हात वर नेला.

तिचा पुढचा पाय बाजूला गेला.

चेंडू अजून त्याच्या हातातच होता. त्याने हात खाली घेतला. तिने पाय जागेवर आणला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. पकड बसत नव्हती."

त्याने पुन्हा हात वर नेला, यावेळी अगदी सावकाश, एखाद्याला हाक मारताना वर करावा तसा. पाय पुन्हा सरकला. चेंडूकडे जायच्या ऐवजी बाजूला, त्याच्यापासून लांब, आणि त्याच्यामागोमाग तिची कंबर आणि खांदाही उघडला. असं उभं राहून जगातला कोणीही बॅट वेळेवर आणू शकला नसता. अंगावर येणाऱ्या वस्तूपासून माणूस जसा आधीच सरकतो, तसं ते सरकणं होतं. त्याने चेंडू टाकलाही नव्हता.

"पाय का काढतेस?" त्याने विचारलं. शक्य तेवढ्या हळू विचारलं.

"कुठे काढते?"

"पुढचा. मी हात वर केला की बाजूला जातो."

तिने खाली पायाकडे पाहिलं. बुटाने मातीत दोन खुणा केल्या होत्या, एक जिथे ती उभी राहिली होती ती आणि एक तिच्यापासून वीतभर लांब. ती त्यांच्याकडे नवलाने बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"पूर्वी नव्हता जात," ती म्हणाली. "मॅडम परवा म्हणाल्या होत्या की पायाचं काहीतरी बिघडलंय. मला कळलंच नव्हतं कशाबद्दल म्हणतायत."

बाप चौकटीची लोखंडी दांडी धरून उभा होता. मॅडमनी बॅटला उशीर होतो असं सांगितलं तेव्हा बारा कमी होते. त्याने त्यात आपल्या हाताने आणखी काय घातलं ते समोर मातीत उमटलेलं होतं, आणि ते एका रात्रीत पुसायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं.

"उद्या चेंडू कोण टाकणार आहे?" भिंगरीने विचारलं.

"बाहेरून कोणालातरी बोलावलंय म्हणे. दुसऱ्या क्लबची कोणी मुलगी आहे."

"आपल्या ओळखीची नाही ना?"

"नाही."

"मग पाय नाही जाणार," ती त्याची समजूत घालत म्हणाली आणि बुटाच्या टाचेने तिने त्या खुणा पुसून टाकल्या.